चोवीस झेंडे आणि एक ओंडका

४ फेब्रुवारी

मामा,

परवा फोनवर मी जीव तोडून सांगत होते आणि तू मधेच म्हणालास, "हे सगळं लेखी दे. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही." आईच्या सख्ख्या भावानेच असं म्हटल्यावर कुणाकडे जायचं? घे, लेखी देते. जलाशयाचा व्यवस्थापक झाल्याबद्दल अभिनंदनही लेखीच देते, म्हणजे त्याचीही नोंद होईल.

तर तक्रार अशी. तुझ्या जलाशयात पंपघराच्या बाजूला मी गेली नऊ वर्षं लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवते. तुला हे माहीत आहे. तू एकदा मास्क लावून बघितला होतास आणि "गुदमरतंय" म्हणत काठावरच काढून टाकला होतास. गेल्या रविवारी मी पाच मीटर खाली होते आणि बोट क्लबची मोटरबोट थेट माझ्या डोक्यावरून गेली. पाण्याखाली आवाज कुठून येतोय ते कळत नाही, चारी बाजूंनी पिठाच्या गिरण्या सुरू झाल्यासारखं वाटतं. मी तळाला चिकटून पडून राहिले. नंतर बोटवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, "तुम्ही खाली आहात हे आम्हाला काय स्वप्नात दिसणार, बाई?"

त्याचंही खरंच आहे. यावर साधा उपाय आहे. लाल झेंडा, त्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरका गेलेला पांढरा पट्टा. तो तरंगत्या बोयावर लावायचा आणि बोया पाणबुड्याच्या जवळ ठेवायचा. झेंडा दिसला की बोटीने शंभर मीटर लांबून, हळू जायचं. माणूस पाण्याबाहेर आला की झेंडा लगेच उतरवायचा. मामा, हे शेवटचं वाक्य दोनदा वाच, अर्धा नियम त्यातच आहे. झेंडा माझ्याकडे आहे, पण बोटवाल्यांना तो वाळत घातलेला टॉवेल वाटतो. तुझ्या कार्यालयाने एक कागद काढला की त्यांना तो झेंडा वाटायला लागेल.

आई दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन काठावर येऊन बसते. तिला पोहता येत नाही आणि मी आत गेले की पाण्याकडे बघवतही नाही, म्हणून ती फक्त झेंड्याकडे बघते. झेंडा उतरला की मगच तिच्या जिवात जीव येतो. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर.

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

भाचीबाई,

आधी स्पष्ट करतो की हे पत्र मी घरून, स्वतःच्या कागदावर आणि स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. नात्यातल्या व्यक्तीला कार्यालयाच्या कागदावर उत्तर दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको.

तुम्ही घरचे सगळे मला चेंगट म्हणता. पण बघ, तेवीस दिवसांत 'पाणबुडे ध्वज नियमावली' तयार! समिती नेमली. मी, वरिष्ठ लेखनिक, स्टोअरकीपर आणि बोट क्लबचे अध्यक्ष. सात बैठका झाल्या. त्यातल्या तीन बैठका पट्टा डावीकडून उजवीकडे उतरावा की उजवीकडून डावीकडे, यातच गेल्या. शेवटी लेखनिकाने झेंडा उलटा धरून दाखवला, की मागून बघितलं तर पट्टा तसाही दुसऱ्याच बाजूला जातो. मग चहा आला. एकूण कलमं एकतीस झाली. शंभर मीटरचं तुझं अंतर जसंच्या तसं घेतलं आहे, ते कलम चार.

एक किरकोळ सुधारणा मात्र करावी लागली. झेंडा चढवायचा आणि उतरवायचा, याला स्टोअरकीपरने हरकत घेतली. झेंडा ही कार्यालयाची वस्तू. ती दर वेळी स्टोअरमधून काढायची, सही घ्यायची, परत जमा करायची, ओली असेल तर वाळवायची, हे करणार कोण? त्यात रविवारी स्टोअर बंद. तेव्हा कलम नऊ: सर्व झेंडे बोयांसह पाण्यात कायमस्वरूपी बसवण्यात येतील. चोवीस झेंडे, आठवड्याचे सातही दिवस, बारा महिने! तू एक मागितला होतास. आता तू कुठेही बुडी मार, जवळपास झेंडा असणारच.

काल सगळे बसवून झाले. प्रत्येकावर नंबर घातला आहे. कार्यालयाच्या खिडकीतून बघताना ऊर भरून आला. ताईला म्हणावं, आता निवांत बस, कुठेही बघितलंस तरी झेंडाच दिसेल.

मामा


१९ मार्च

मामा,

कपाळावर हात मारून घेतला होता, तो खाली यायला वेळ लागला म्हणून उत्तराला उशीर.

तुमच्या कार्यालयातल्या संडासाला ती कडी आहे ना, आत माणूस असला की बाहेरून लाल दिसणारी? ती उद्या कायमची लाल करून टाक. बघ लोक किती दिवस बाहेर थांबतात. दोन दिवस थांबतील, तिसऱ्या दिवशी दार ढकलतील. आणि त्या दिवशी आत नेमका तू असशील. झेंड्याचा अर्थ 'खाली माणूस आहे' एवढाच आहे, मामा. माणूस नसताना तो फडकत राहिला तर माणूस असताना त्याला कोण विचारणार?

इथे काय झालं ते ऐक. पहिला आठवडा बोटवाले बिचारे घाबरून काठाकाठाने गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की अकरा नंबरच्या झेंड्यावर रोज एक पाणकावळा पंख वाळवत बसतो आणि त्याच्याशिवाय त्या झेंड्याखाली कधीच कुणी नसतं. आता बोट क्लबवाले तुझ्या चोवीस झेंड्यांमधून नागमोडी बोटी पळवण्याच्या शर्यती लावतात. तुझ्या समितीतले अध्यक्ष सध्या पहिल्या नंबरावर आहेत. म्हातारा होडीवाला, ज्याला तू ओळखतोस, तो मला समजावत होता, "बाई, ते सरकारी झेंडे आहेत. त्यांचं काय मनावर घ्यायचं!"

म्हणून मी माझा जुना झेंडा घेऊन उतरायला लागले. तर गेल्या रविवारी तुझ्या पहारेकऱ्याने कलम बावीसप्रमाणे 'नोंदणी नसलेला ध्वज' म्हणून तो जप्त केला. काढला तेव्हा मी आठ मीटर खाली होते. काठावरून आईने बघितलं, झेंडा उतरला. तिने मोकळा श्वास घेतला, खुर्ची घडी केली, माझ्यासाठी थर्मासमधला चहा कपात ओतला. आणि मी काही येईना. पंचवीस मिनिटं, मामा. मी वर आले तेव्हा ती साडीसकट गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तो कप अजून तिच्या हातात होता. त्या रात्री ती जेवली नाही.

तुझे चोवीस काढ आणि माझा एक परत दे. एवढंच मागणं आहे.

भाची


२६ मार्च

भाचीबाई,

संडासाचा दाखला तुझ्या मामीने जेवताना मोठ्याने वाचला आणि तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं. अशा उपमा लेखी देत जाऊ नयेस असं मला वाटतं.

ताईचं तिने वाचलं तेव्हा मात्र मी ताटावरून उठलो. पहारेकऱ्याला मी ताबडतोब कडक समज दिली. यापुढे झेंडा जप्त करण्यापूर्वी त्याने पाण्याखालच्या व्यक्तीस लेखी नोटीस द्यावयाची आहे.

कलम नऊबद्दल तुझं म्हणणं मला अगदीच पटत नाही असं नाही. पण बदल करायचा तर मुख्य कार्यालयाच्या बड्या साहेबांची सही हवी, आणि साहेब स्वतः १२ एप्रिलला येत आहेत. कशासाठी? झेंडे बघायला! आपल्या झेंड्यांची कीर्ती तिथवर पोचली आहे. असं असताना मी आधीच झेंडे काढून ठेवले तर त्यांना काय, पाणकावळा दाखवू? माझी बढतीही त्यांच्याच हातात आहे, पण तो विषय वेगळा.

यातून मी एक मार्ग काढला आहे. तू प्रात्यक्षिक दे. सात नंबरच्या झेंड्याखाली थांब. अकरा वाजता आमची लाँच धक्क्यावरून निघेल, सातजवळ येऊन इंजिन बंद करेल. मी घंटा वाजवीन. तू वर येशील, साहेबांना नमस्कार करशील. साहेब खूश झाले की त्याच बैठकीत कलम नऊ रद्द करण्याचा कागद मी त्यांच्यापुढे सहीला ठेवतो. शब्द देतो, आणि तोही लेखी.

मामा


३० मार्च

मामा,

ठीक आहे. साहेबांसाठी नाही, तुझ्या बढतीसाठी तर मुळीच नाही, कलम नऊसाठी येते.

सात नंबर म्हणजे पंपघरासमोरचा. मी अकराला तिथे पाण्यात हातभर खाली असेन, म्हणजे घंटा वाजली की लगेच वर येता येईल. लाँच शंभर मीटरवर हळू झाली पाहिजे आणि जवळ येण्याआधी इंजिन बंद झालं पाहिजे. हातभर खाली म्हणजे लाँचच्या इंजिनच्या पंख्याच्या तोंडाशीच. हे तू विसरणार नाहीस असं धरून चालते. तूच लेखी दिलं आहेस.

आई काठावर असेल. तिला मी सांगितलंय की या वेळी मामा स्वतः लाँचवर आहे, काळजीचं कारण नाही.

भाची


१२ एप्रिल, संध्याकाळ
मुख्य कार्यालयाचं विश्रामगृह

भाचीबाई,

नाक कापलंस माझं. बडे साहेब सात नंबरच्या झेंड्यापाशी दहा मिनिटं पाण्याकडे बघत उभे होते. मी हात दुखेपर्यंत घंटा वाजवली. तुझा पत्ता नाही! शेवटी मीच म्हटलं, नियमावली इतकी चोख आहे की पाण्याखालचा माणूस दिसतच नाही. साहेब हसले, तेव्हा कुठे वेळ निभावली. यायचं नव्हतं तर आधी कळवायचं होतंस. ताईला फोन लावला, तिनेही उचलला नाही. तीही रागावली असेल तर मला समजत नाही, रागवायचं ते मी रागवायला हवं.

एरवी दौरा उत्तम झाला. साहेबांचं भाषण लांबल्याने निघायला पाऊण तास उशीर झाला, म्हणून लाँच जरा दामटावी लागली. स्टोअरकीपरने आदल्या दिवशी मोठं काम केलं होतं. साहेब धक्क्यावर चढणार, तर पहिला झेंडा त्यांना धक्क्यापाशीच दिसला पाहिजे, म्हणून त्याने सगळे नंबर धक्क्यापासून नव्याने घातले. फार नीटनेटकं दिसत होतं. चोवीसकडून उलटी फेरी मारत सातकडे येताना पंपघरापाशी मधेच एक झेंडा आडवा आला. चालक म्हणाला, "साहेब, वळवू?" मी म्हटलं, "सरळ घे, तो नेहमीचाच आहे." तिथे खालून लाँचला काहीतरी लागलं. जोरात धक्का बसला, साहेबांच्या कपातला चहा त्यांच्या शर्टावर सांडला. ओंडका असावा. चालक थांबू का म्हणत होता, पण मागे वळून बघितलं तर झेंडा जागेवर ताठ उभा होता, म्हणून पुढे चल म्हटलं.

साहेब इतके प्रसन्न आहेत की लाँचवरून उतरवून थेट आपल्या गाडीत घालून मला इथे घेऊन आले. चार दिवस इथेच आहे, इतर जलाशयांच्या व्यवस्थापकांना नियमावली समजावून सांगायची आहे. कलम नऊचा कागद तेवढा पुढे ठेवता आला नाही. तू वर आली असतीस तर गोष्ट वेगळी होती.

मामा


१७ एप्रिल

मामा,

अक्षर आईचं आहे, कारण माझा उजवा हात गळ्यात बांधला आहे. मी सांगते आणि ती लिहिते. तिला म्हटलंय, मधे स्वतःचं काही घालू नकोस. (घालणार. - ताई)

तो ओंडका मी होते.

सात नंबर पंपघरासमोर होता तो अठरा झाला, हे मला कुणी सांगितलं नाही. मी माझ्या जागी पावणेअकरापासून होते. अकरापासून पाऊण तास हातभर खाली थांबले. मग लाँचचा आवाज आला. वाढत गेला. तो हळू होईना तेव्हा मला शंका आली. मामा, खाली सटकायला वेळ होता, दोन पाय मारले असते तरी तळाला गेले असते. पण तू इंजिन बंद करणार असं लेखी दिलं होतंस. म्हणून मी घंटेची वाट बघत तिथेच थांबले. नऊ वर्षांत मी पाण्याखाली केलेला हा एकच मूर्खपणा.

लाँचचा तळ खांद्यावर बसला आणि गळ्याचं हाड मोडलं. पंखा पाठीवरच्या सिलिंडरला घासला. होडीवाल्याने मला ओढून काढल्यावर सिलिंडर बघितला, त्यावर वीतभर लांब चर पडला आहे. सिलिंडर नसता तर तो चर पाठीत असता. (सिलिंडर मी घरी आणून ठेवलाय, धाकट्या. तुझ्या साहेबांना दाखवायला घेऊन जा. - ताई)

आईला काठावरून काय दिसलं ते विचार. तिला लाँच जाताना दिसली. लाँचवर तू दिसलास, हातात घंटा घेऊन. तिने तुला हातही केला. आणि लाँच गेल्यावर पाण्यावर चोवीस झेंडे होते, चोवीसही ताठ. तिला काहीच कळलं नाही. होडीवाला ओरडत वल्ही मारायला लागला तेव्हा तिला वाटलं दुसऱ्याच कुणाला काही झालं. (माझ्या पोरीला ओंडका म्हणालास आणि वर नाक कापलं म्हणालास. लहानपणी तू विहिरीच्या कठड्यावर चढायचास तेव्हा मी दिवसभर तुझी चड्डी धरून उभी राहायचे. हे विसरलास तरी चालेल, मला आठवतं. - ताई)

एकच विचारायचं आहे. तुझ्या अहवालात काय लिहिलंयस?

भाची
(आणि ताई)


९ मे

ताई आणि भाचीबाई,

दवाखान्यात आलो होतो. ताई, तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि दार लावून घेतलंस. मी जिन्यावर तासभर बसलो आणि परत आलो. तू केलंस ते बरोबरच होतं.

अहवालात ओंडका लिहिलं होतं. भाचीबाईचं पत्र येण्याआधीच तो सहीसकट गेला होता, साहेबांनी त्यावर 'उत्कृष्ट' असा शेराही मारला होता. पत्र वाचलं त्याच दिवशी मी दुरुस्ती पाठवली. "तो ओंडका नव्हता. ती माझी भाची होती. चालकाने लाँच वळवू का असं विचारलं तेव्हा 'सरळ घे' असं मी म्हणालो." मुख्य कार्यालयाने ती परत पाठवली. 'अडथळ्याचा प्रकार' या रकान्यात ओंडका, खडक, गाळ आणि इतर एवढंच चालतं म्हणे. भाचीला 'इतर'मध्ये घाला, असं कळवलं. मी 'इतर' खोडून पुन्हा 'भाची' लिहून पाठवलं. तीनदा ते परत आलं, तीनदा मी पाठवलं. चौथ्यांदा अहवाल नाही, माझी बदली आली.

बदली फार लांब झालेली नाही. मला स्टोअरमध्ये घातलं आहे आणि स्टोअरकीपर व्यवस्थापक झाला आहे. तो सध्या कलम बत्तीस लिहितो आहे, झेंड्यांची संख्या अठ्ठेचाळीस करण्याबद्दल.

पण झेंडे आता माझ्या ताब्यात आहेत. फाटका झेंडा दुरुस्तीसाठी स्टोअरमध्ये आणता येतो, हे कलम सतरा. गेल्या आठवड्यात मी आणि होडीवाला एक अख्खा दिवस होडीत फिरलो. चोवीसपैकी चोवीस झेंड्यांना कुठे ना कुठे थोडं उसवलेलं निघालं. जिथे नव्हतं तिथे निघेपर्यंत मी बघत राहिलो. सगळे आत आणून फडताळात ठेवले आहेत. दुरुस्ती किती दिवसांत व्हावी, याबद्दल एकतीस कलमांत एक अक्षर नाही. मीच लिहिली आहेत, मला माहीत आहे. अध्यक्षांची शर्यत बंद पडली, ते दोनदा येऊन चौकशी करून गेले. जुन्या अकरा नंबरचा पाणकावळा आता नुसत्या बोयावर बसतो, तेवढं मला जरा वाईट वाटतं.

झेंडे काढायला गेलो तेव्हा अठरा नंबरपाशी होडीवाल्याने वल्ही थांबवली आणि खाली पाण्याकडे बोट केलं. पाणी अगदी स्वच्छ होतं, हातभर खालचं सगळं दिसत होतं. लाँचवरून मी तिथे बघितलंच नव्हतं. झेंड्याकडे बघितलं होतं. त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही आणि लागावी असंही वाटत नाही.

फडताळात खालच्या कप्प्यात भाचीबाईचा जुना झेंडा सापडला. 'नोंदणी नसलेला, एक नग' अशी चिठ्ठी होती, ती मी फाडून टाकली. झेंडा धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.

रविवारी स्टोअर बंद असतं, तेव्हा मी मोकळा असतो. हाड जुळून भाचीबाई पुन्हा पाण्यात उतरली, की मी काठावर येईन. ती आत गेली की झेंडा मी चढवीन, ती बाहेर आली की मी उतरवीन, आणि मधल्या वेळात त्यावरून नजर काढणार नाही. एवढं एकच काम करीन. बोट आलीच तर मी आरडाओरडा करायला आहेच, आवाज अजून चांगला आहे.

ताई, तुझ्या खुर्चीशेजारी मला बसू देशील का, ते कळव. लेखी नको. तोंडी चालेल.

तुझा धाकटा